बत्तीस मुलींचा जमाखर्च

(बी. कॉम., अंतिम वर्ष)

‘आफ्रिकेतील एका गरीब मुलीच्या शिक्षणाचा भार उचला’ अशा अर्थाची आवाहने आपल्या पाहण्यात अधूनमधून येतात. सोबत एका हसऱ्या मुलीचे छायाचित्र असते. वाचणारा हळहळतो, क्वचित पैसेही पाठवितो, आणि विषय तेथेच संपतो. वाणिज्य शाखेत काही वर्षे काढलेल्या माणसाला मात्र एक खोड लागलेली असते. पैसा दिला म्हटले की, तो कोणत्या खात्यावर खर्ची पडला हे विचारल्यावाचून त्याला राहवत नाही. फी भरली? पुस्तके घेतली? की संस्थेच्या कचेरीचे भाडे भागविले? आणि एवढे करून ती मुलगी शेवटच्या परीक्षेपर्यंत शाळेत टिकली का?

या प्रश्नांची उत्तरे मोघम देण्यात अर्थ नाही. आफ्रिका हा काही एक देश नव्हे. चोपन्न देशांचे ते खंड आहे आणि एकाचा कायदा दुसऱ्यास लागू नाही. म्हणून एकाच संस्थेचा हिशेब येथे मांडते. ती आज लहान राहिलेली नाही. पण तिचा आरंभ अगदी लहान होता, आणि तिच्या कामाची रीत त्या लहानपणीच ठरून गेली.

संस्थेचे नाव कॅम्फेड. ‘कॅम्पेन फॉर फीमेल एज्युकेशन’ या लांबलचक नावाचे हे आखूड रूप. १९९३ साली इंग्लंडमध्ये केंब्रिज येथे ती स्थापन झाली. परंतु तिचे मूळ त्यापूर्वी दोन वर्षे, झिम्बाब्वेच्या वायव्य कोपऱ्यातील मोला या गावी सापडते.

मोला हे करिबा जलाशयाच्या परिसरातले गाव. झांबेझी नदीवर १९५५ ते १९५९ या काळात करिबा धरण बांधले गेले, तेव्हा दोन्ही तीरांवरील मिळून सुमारे ५७,००० टोंगा लोकांना आपली गावे सोडावी लागली. नदीकाठची कसदार जमीन पाण्याखाली गेली आणि वाट्याला आले कोरडे माळरान व जंगली जनावरांचा उपद्रव. धरणाची वीज खाणींना आणि शहरांना गेली. कोयनेच्या आणि अलमट्टीच्या धरणग्रस्तांविषयी ऐकतच आपण वाढलो आहोत, तेव्हा याचा अधिक विस्तार करण्याचे कारण नाही. एक पिढी उलटली तरी मोलाची गरिबी हटली नव्हती, एवढे ध्यानात ठेवले म्हणजे पुरे.

१९९१ साली ॲन कॉटन नावाच्या एक शिक्षिका तेथे गेल्या. जन्माने त्या वेल्समधील. लंडनमध्ये त्यांनी शिक्षिकेचे काम केले होते आणि पुढील अभ्यासासाठी त्यांनी एक प्रश्न हाती घेतला होता. झिम्बाब्वेच्या खेड्यांत माध्यमिक शाळेत मुली इतक्या कमी का? त्या वेळी मदत देणाऱ्या मंडळींत याचे एक ठरीव उत्तर प्रचलित होते : तेथील लोकांची संस्कृतीच मुलींच्या शिक्षणाला प्रतिकूल आहे. उत्तर सोयीचे होते. संस्कृती बदलावयाची म्हणजे सभा, पत्रके, प्रबोधन. कोणाच्या फीचे पैसे भरावे लागत नाहीत.

मोलामध्ये आईबापांशी आणि गावच्या वडीलधाऱ्यांशी बोलल्यावर कॉटनबाईंना निराळेच चित्र दिसले. मुलींनी शिकावे असे आईबापांना वाटत होते. अडत होते ते पैशापाशी. सगळी सोंगे आणता येतात, पैशाचे सोंग आणता येत नाही, ही आपली म्हण तेथे शब्दशः लागू पडत होती. घरात चार मुले आणि फी एकाचीच परवडणार, तर कोणाला पाठवावयाचे? शिकलेल्या मुलाला पगाराची नोकरी लागण्याचा संभव मुलीपेक्षा जास्त. तेव्हा मुलगा शाळेत आणि मुलगी घरी. हा हिशेब क्रूर आहे. पण बेरीज चुकलेली नाही. संधिव्यय म्हणून जी गोष्ट आम्ही अर्थशास्त्रात पाठ करतो, तीच येथे चुलीपाशी बसून मोजली जात होती. कारण मुलगी शाळेत गेली की पाणी कोण आणणार आणि धाकट्यांना कोण सांभाळणार, हेही जमेस धरावे लागते.

यात आणखी एक बाब आहे आणि ती आपल्या नेमकी उलट आहे. दक्षिण आफ्रिका खंडातील पुष्कळ समाजांत विवाहाच्या वेळी वराकडून वधूच्या घरी ‘लोबोला’ जातो. पूर्वी गुरेढोरे, आता बहुधा रोख रक्कमही. आपल्याकडे हुंडा द्यावा लागतो म्हणून मुलगी ओझे वाटते; तेथे दुष्काळाच्या वर्षी लोबोला मिळेल म्हणून मुलगी लवकर उजविण्याचा मोह पडतो. वाटा उलट्या, मुक्काम एकच. अर्थात लोबोला म्हणजे मुलीची विक्री, असे समजणे अन्यायाचे होईल. ती दोन घरांना जोडणारी जुनी रीत आहे. पण पोटाला चिमटा बसला की चांगल्या रीतीचेही भलतेच रूप होते.

मोलामध्येच कॉटनबाईंना दोन बहिणी भेटल्या. आपल्या गावाहून सुमारे १०० किलोमीटर चालत त्या तेथे आल्या होत्या. कारण एकच, मोलाच्या शाळेची फी कमी होती. स्वतः उभारलेल्या झोपडीत राहून, हाताने रांधून त्या शिकत होत्या. ज्या समाजातील पोरी शाळेसाठी एवढी पायपीट करतात, त्या समाजाला शिक्षण नको आहे असे म्हणणाऱ्यांनी ती वाट एकदा चालून पाहावी!

काळही मोठा कठीण होता. १९८० साली स्वातंत्र्य मिळाल्यावर झिम्बाब्वेने प्राथमिक शिक्षण मोफत केले होते आणि शाळांची संख्या झपाट्याने वाढविली होती. त्या बाबतीत तो देश आफ्रिकेत नावाजला गेला. पण १९९१ पासून अर्थव्यवस्थेच्या फेररचनेचा कार्यक्रम आला, सरकारी खर्चाला कात्री लागली, शुल्के वाढली. १९९१-९२ मध्ये भीषण अवर्षण पडले. त्याच दशकात एड्सच्या साथीने घरोघरची कर्ती माणसे नेली आणि नातवंडे आजीच्या ओटीत आली. ज्या घरात कमावतेच कोणी नाही, तेथे पहिली काटछाट कशावर होणार, हे निराळे सांगावयास नको.

कॉटनबाई केंब्रिजला परतल्या. त्यांच्यापाशी ना मोठा निधी होता, ना सरकारी पाठबळ. त्यांनी घरी केक भाजून बाजारात विकले, मित्रमंडळींकडून वर्गणी जमविली आणि त्या पैशातून ३२ मुलींच्या शिक्षणाची सोय झाली. बत्तीस म्हणजे आपल्या वर्गातील तीन-चार बाकांच्या रांगा. मला या आकड्याचे महत्त्व वाटते ते असे की, बत्तीस जणींचा खर्च एका वहीत ओळीओळीने लिहिता येतो. बत्तीस हजारांचा लिहू लागले म्हणजे सरासरी येते, आणि सरासरीत माणूस हरवतो.

ती वही डोळ्यांसमोर आणू या. एका मुलीच्या नावापुढे पहिली ओळ फीची. दुसरी परीक्षा शुल्काची. कारण वर्षभर शिकूनही ते शुल्क न भरल्यास परीक्षेला बसता येत नाही. तिसरी गणवेशाची. इंग्रजी अमदानीत राहिलेल्या या देशांत गणवेशाचा दंडक फार कडक. गणवेश नाही म्हणून मुलांना परत पाठविण्याचे प्रकार सर्रास घडत आले आहेत. मग बूट, वह्या-पुस्तके, पेन, साबण. शाळा दूर असेल तर वसतिगृहाचे शुल्क. आणि मुलगी वयात आली की सॅनिटरी पॅड. यातील फी सर्वांत मोठी असेलही, परंतु मुलीला घरी बसविण्यास कोणतीही एक ओळ पुरते. साखळीची ताकद तिच्या सर्वांत कच्च्या कडीएवढी, तसा हा प्रकार आहे. म्हणून केवळ फी भरून मोकळ्या होणाऱ्या, किंवा केवळ दप्तरे वाटून छायाचित्रे काढणाऱ्या दानशूरतेचा पैसा पुष्कळदा वाया जातो. कॅम्फेडने आरंभापासून पाळलेला नियम असा की, मुलीला लागेल ती सगळी यादी द्यावयाची, आणि माध्यमिक शाळा संपेपर्यंत द्यावयाची. एका वर्षाची मदत ही मदत नव्हे; ती अर्ध्या विहिरीची खोदाई आहे.

गणवेशासारख्या क्षुल्लक ओळीत किती जोर असतो, हे केनियातील एका प्रयोगाने दाखविले. २००३ साली केनियाने प्राथमिक शाळांची फी रद्द केली. त्याच वर्षी एस्थर डुफ्लो, पास्कलिन ड्यूपा आणि मायकल क्रेमर या अर्थशास्त्रज्ञांनी पश्चिम केनियातील ३२८ शाळांत एक पाहणी सुरू केली. चिठ्ठ्या टाकाव्यात तशा पद्धतीने काही शाळा निवडून सहावीतील मुलामुलींना गणवेश फुकट दिले. त्याची किंमत त्या वेळी सहा अमेरिकी डॉलरांच्या घरात. पुढील काही वर्षांत या शाळांतील मुलींचे शाळा सोडण्याचे प्रमाण घटले, इतकेच नव्हे तर कोवळ्या वयात आई होण्याचे प्रमाणही घटले. कापडाच्या एका जोडाने बाळंतपण लांबते, ही गोष्ट प्रथम वाचताना विनोदी वाटते. पण विचार केल्यावर समजते की, शाळेत राहिलेली मुलगी लग्नाच्या बाजारात उतरत नाही. (यांपैकी डुफ्लो व क्रेमर यांना आपल्या अभिजित बॅनर्जींसह २०१९ चे अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.)

येथे कोणी विचारील की, सरकारनेच फी माफ केली तर संस्थेचे काम काय उरते? प्रश्न रास्त आहे. मलावीने १९९४ साली प्राथमिक शिक्षण मोफत केले, तेव्हा वर्षभरात पटावरील मुलांची संख्या दहा लाखांच्या आसपास वाढली. पुढे टांझानियाने माध्यमिकच्या पहिल्या टप्प्याची, २०१७ मध्ये घानाने वरिष्ठ माध्यमिक शाळांची आणि २०२२ मध्ये झांबियाने सरकारी शाळांत थेट बारावीपर्यंतची फी रद्द केली. या निर्णयांनी जे साधले ते कोणत्याही संस्थेला शंभर वर्षांत साधणार नाही, हे मोकळेपणाने मान्य केले पाहिजे. पण वहीतील पहिल्या ओळीपुढे शून्य पडले म्हणून खालच्या ओळी पुसल्या जात नाहीत. उलट वर्गात गर्दी होते, बाके अपुरी पडतात, आणि जी पोर मुळातच मागे आहे ती आणखी मागच्या बाकावर जाते. कॅम्फेडचे काम या काळात फीकडून हळूहळू त्या खालच्या ओळींकडे सरकले, हे साहजिक होते.

पॅडची ओळ जरा निराळी आहे. या विषयावर आपल्या महाविद्यालयीन नियतकालिकांतून पूर्वी कोणी लिहिले असते असे वाटत नाही. पण विषय हिशेबाचा आहे, लाजेचा नाही. केनियाने २००४ मध्येच सॅनिटरी पॅडवरील मूल्यवर्धित कर काढला. रवांडाने २०१९ मध्ये. भारतात जुलै २०१८ पर्यंत त्यावर १२ टक्के जीएसटी होता. (करमाफ वस्तूच्या उत्पादकाला कच्च्या मालावर भरलेल्या कराची वजावट मिळत नाही, त्यामुळे करमाफीचा सगळा लाभ ग्राहकापर्यंत पोहोचतोच असे नाही, अप्रत्यक्ष कराचा पेपर ज्यांनी दिला आहे त्यांना हे ठाऊक असेल.) केनियाने २०१७ मध्ये तर सरकारी शाळांतील मुलींना पॅड विनामूल्य देण्याची तरतूदच कायद्यात केली. मात्र पॅड दिले की हजेरी वाढते, हे ज्या ठामपणे सांगितले जाते तेवढा पुरावा त्यास नाही. नेपाळमध्ये चितवन भागात झालेल्या आणि २०११ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात असे साधन दिल्याने हजेरीत म्हणण्यासारखा फरक पडला नाही. पण मुलींनी ते साधन आपखुशीने वापरले आणि त्यांची गैरसोय कमी झाली. माझे मत असे की, एवढे पुरेसे आहे. प्रत्येक गोष्टीचे समर्थन हजेरीच्या टक्क्यांनीच करावयाचे असेल तर मग प्राध्यापकांच्या खोलीतील पंखेही काढावे लागतील!

अंतराचा प्रश्न मात्र हजेरीशी सरळ बांधलेला आहे. खेड्यात प्राथमिक शाळा जवळ असते, माध्यमिक शाळा दूर. पुष्कळ मुली शाळेजवळ भाड्याची खोली घेऊन किंवा खोपटे बांधून राहतात. देखरेख कोणाची नाही, दाराला धड कडी नाही, हातात पैसा नाही. अशा स्थितीत त्यांच्यावर कोणते प्रसंग येतात हे सांगण्याची गरज नसावी. वसतिगृहाचे शुल्क ही चैन वाटते खरी, पण ती सुरक्षिततेची किंमत आहे. जेथे मुलगी घरूनच ये-जा करू शकते तेथे सायकलीचाही उपयोग होतो, आणि या बाबतीत धडा भारताकडून तिकडे गेला आहे. बिहार सरकारने २००६ मध्ये नववीच्या मुलींना सायकली देण्यास सुरुवात केली. त्या योजनेचा अभ्यास करणाऱ्या अर्थशास्त्रज्ञांपैकी एकाने पुढे आपल्या सहकाऱ्यांसह झांबियाच्या ग्रामीण भागात तसाच प्रयोग केला. शाळेपासून तीन किलोमीटरांहून दूर राहणाऱ्या मुलींना सायकली मिळाल्यावर उशिरा पोहोचण्याचे प्रमाण सुमारे दोन-तृतीयांशाने आणि गैरहजेरी सुमारे पाव हिश्शाने घटली. वाटेवर होणारी छेडछाडही कमी झाली. कर्नाटकात २००६-०७ पासून आठवीच्या मुलामुलींना सायकली मिळू लागल्या, तेव्हा आपल्यापैकी अनेकांच्या घरी ती सायकल आलेली असेल. पुढे ती बहुधा वडिलांनी दूध घालण्यासाठी नेली, हा भाग वेगळा.

आता मुख्य प्रश्न : मुली निवडावयाच्या कोणी? केंब्रिजमध्ये बसून हे ठरविता येत नाही. आणि गावातील एकाच्या हाती अधिकार दिला की आंधळं दळतं, कुत्रं पीठ खातं. मुख्याध्यापकाची भाची, सरपंचाची नात, अशी यादी तयार होते. यावर कॅम्फेडने तोड काढली ती समित्यांची. त्यांत शिक्षक, शिक्षणखात्याचे अधिकारी, पालक, गावचे परंपरागत प्रमुख, आरोग्य किंवा पोलीस खात्यातील माणसे असे एकमेकांवर नजर ठेवणारे लोक एकत्र बसतात, आणि कोणत्या घरी खरोखर अडचण आहे हे चारचौघांत ठरते. गावात कोणाच्या घरी चूल पेटत नाही हे गावालाच ठाऊक असते. मात्र ते एकट्याने सांगू दिले तर खोटे होण्याचा संभव, सर्वांसमक्ष सांगावे लागले तर कमी. अंकेक्षणाच्या पुस्तकात ‘अंतर्गत नियंत्रण’ म्हणून जे प्रकरण आहे, त्याचे हे खेड्यातील रूप म्हणता येईल.

शाळेतही काही माणसे नेमलेली असतात. एका शिक्षिकेला प्रशिक्षण देऊन मुलींच्या अडचणी ऐकण्याचे काम दिले जाते; मुलगी दोन दिवस आली नाही तर का आली नाही हे पाहणे तिच्याकडे. आयांचे गट स्थापन होतात. त्या शाळेत जेवण शिजवितात, घरी बसलेल्या मुलीच्या आईबापांशी जाऊन बोलतात. हे काम कोणत्याही पावतीवर दाखविता येत नाही. पण मुलीला घरी बसविण्याचा निर्णय बहुधा रात्री जेवताना होतो, आणि तेथे शेजारीण पोहोचू शकते, संस्था नाही.

सर्वांत नाजूक प्रसंग म्हणजे मुलगी शाळेत असताना गरोदर राहणे. या बाबतीत देशोदेशींची धोरणे अगदी भिन्न. झांबियाने १९९७ मध्येच अशा मुलीला बाळंतपणानंतर शाळेत परत घेण्याचे धोरण ठरविले. टांझानियात मात्र तिला काढून टाकण्याची प्रथा चालत आली. २०१७ मध्ये तेथील राष्ट्राध्यक्ष मागुफुली यांनी अशा मुलींना परत घेतले जाणार नाही असे जाहीरपणे बजावले, आणि नोव्हेंबर २०२१ मध्ये त्यांच्या नंतरच्या सरकारने ती बंदी उठविली. मधल्या काळात ज्या मुली घरी बसल्या त्यांची वर्षे कोणत्या खात्यावर लिहावयाची? विवाहाच्या वयाचेही तसेच. झिम्बाब्वेच्या घटनात्मक न्यायालयाने जानेवारी २०१६ मध्ये अठरा वर्षांखालील विवाह बेकायदा ठरविले. मलावीने २०१७ मध्ये घटनेतच दुरुस्ती केली. कायदा झाला म्हणजे काम झाले असे नाही, हे शारदा कायद्याच्या देशात राहणाऱ्यांना काय सांगावे!

पहिल्या मुलींचे पुढे काय झाले, हे पाहणे जरूर आहे. कारण येथे या संस्थेची वाट इतर धर्मादाय संस्थांहून वेगळी झाली. १९९८ साली शाळा संपविलेल्या या मुलींनी झिम्बाब्वेत आपली एक संघटना काढली. आरंभी तिच्या सभासद काही शेकडा होत्या. आज पाच देशांत (झिम्बाब्वे, झांबिया, घाना, टांझानिया आणि मलावी) मिळून त्या दोन लाखांवर आहेत. कोणी शिक्षिका झाल्या, कोणी परिचारिका, कोणी शेती किंवा दुकान करतात. संघटनेच्या संस्थापकांत अँजेलिन मुरिमिर्वा या होत्या. शेतकरी घरातील मुलगी, प्राथमिकच्या परीक्षेत उत्तम गुण, आणि पुढची फी भरण्याची ऐपत नाही; अशा वेळी कॅम्फेडने ज्यांचा खर्च उचलला त्या पहिल्या मुलींपैकी त्या एक. २०२० साली शिक्षणविकासासाठी दिला जाणारा यिदान पुरस्कार त्यांना व त्या वेळच्या मुख्याधिकारी ल्यूसी लेक यांना मिळून मिळाला, आणि २०२३ पासून मुरिमिर्वा स्वतः संपूर्ण संस्थेच्या मुख्याधिकारी आहेत. ज्यांचे नाव कधी काळी खर्चाच्या बाजूला लिहिले गेले, त्या आता हिशेबाच्या वहीवर सही करतात.

या मुलींपैकी अनेक जणी शाळेत ‘लर्नर गाइड’ म्हणून परत जातात. पगार नाही. धाकट्या मुलींना त्या अभ्यासाची पद्धत, शरीराची निगा, पैशाचे नियोजन, नकार कसा द्यावा, असे विषय शिकवितात; त्यासाठी ‘माय बेटर वर्ल्ड’ नावाचा एक अभ्यासक्रम आहे. मुलींना तो परक्या पाहुणीकडून शिकावा लागत नाही. शिकविणारी त्यांच्याच वाडीतली, त्यांच्याच परिस्थितीतून गेलेली असते. पण एक अडचण येते. शाळा संपलेल्या गरीब मुलीला फुकट काम करणे परवडेल कसे? तिलाही पोट आहे.

यावर जी युक्ती काढली आहे ती मला फार आवडली, आणि खरे म्हणजे तिच्यासाठीच हा लेख लिहावासा वाटला. लोकांकडून लहान लहान कर्जाऊ रकमा गोळा करणारी किव्हा नावाची एक अमेरिकी संस्था आहे. तिच्या साहाय्याने या मुलींना लहान धंद्यासाठी कर्ज मिळते. कोंबड्या पाळावयास, शिवणयंत्र घ्यावयास, भाजीपाला लावावयास. मुद्दल परत करावयाचे, पण व्याज पैशात घ्यावयाचे नाही. व्याज म्हणून मुलीने आठवड्यातील ठरावीक तास शाळेत शिकवावयाचे. याला ते ‘सामाजिक व्याज’ म्हणतात. सावकाराचे व्याज सावकाराच्या घरी जाते. बचतगटाचे व्याज गटात राहते. हे व्याज तिसरीकडेच, शाळेतल्या दुसऱ्याच एका मुलीच्या खात्यावर जमा होते. ज्या खेड्यात बँक तारणाशिवाय उभे करीत नाही, तेथे शाळेतील काम हेच तारण झाले. द्विनोंदी पद्धतीने याची नोंद कशी करावी यावर मी बराच वेळ डोके खाजविले. देणे पैशाचे, फेड वेळेची, आणि येणे असलेली व्यक्ती कर्ज देणारी नव्हेच! पॅचिओलीने असल्या व्यवहाराचा विचार केला नसावा.

यावर आक्षेप घेता येतात. जे सरकारने करावयाचे ते धर्मादाय संस्था करते, त्यामुळे सरकारला सुटल्यासारखे वाटते, हा एक. एका बाकावर बसणाऱ्या दोघींपैकी एकीला सगळे मिळते आणि दुसरी थोडक्यात हुकते, हा दुसरा; गरिबीची रेषा कोठेही काढली तरी तिच्या लगत पलीकडे कोणी तरी उभे असतेच. आडगावच्या अतिगरीब मुलीपर्यंत पोहोचण्यास दरडोई खर्चही अधिक येतो, आणि स्वस्त काम पाहणारा देणगीदार तेथे नाक मुरडतो. परंतु केंब्रिज विद्यापीठाच्या अभ्यासकांनी टांझानियातील कामाचा खर्च आणि मुलींच्या अभ्यासात झालेली वाढ यांचा मेळ घालून पाहिला, तेव्हा अशा मुलींवरील जादा खर्चही फलदायी ठरतो असेच दिसून आले.

तिसरा आक्षेप मला सर्वांत वजनदार वाटतो. जमेची बाजू परक्याच्या हाती आहे. ब्रिटिश सरकारने २०१२ पासून मुलींच्या शिक्षणासाठी एक मोठा निधी चालविला होता आणि त्यातून कॅम्फेडलाही साहाय्य मिळाले. पण ब्रिटनने परदेशी मदतीचे प्रमाण राष्ट्रीय उत्पन्नाच्या ०.७ टक्क्यांवरून २०२१ मध्ये ०.५ टक्क्यांवर आणले, आणि २०२७ पर्यंत ते ०.३ टक्क्यांवर नेण्याचे फेब्रुवारी २०२५ मध्ये जाहीर केले. त्याच वर्षी अमेरिकेनेही आपली मदत-संस्था गुंडाळली. मुलीची माध्यमिक शाळा मात्र चार ते सहा वर्षांची असते. ती लंडनच्या अंदाजपत्रकाप्रमाणे मध्येच आखूड करता येत नाही. म्हणून त्या दोन लाख सभासदांकडे पाहिले पाहिजे. आपल्या कोंबड्यांच्या आणि शिवणाच्या मिळकतीतून त्यांतील कितीतरी जणी आज शेजारच्या मुलीचे बूट, पुतणीच्या वह्या, कोणाचे परीक्षा शुल्क भागवितात. ही रक्कम केंब्रिजच्या बँकेतून जात नाही, तिच्यावर कोणाची मंजुरी लागत नाही, आणि बहुतेक वेळा तिची पावतीही फाडली जात नाही.